शेजारधर्म आणि मेगावॅट

नेपाळशी आपलं रोटी-बेटीचं नातं, भूतान तर जुना मित्र. त्यामुळेच ते आपल्याला वीज देतात का? – एक वाचक, नाशिक

नुसत्या नात्यावर वीज मिळत असती, तर नेपाळ पहिला आला असता. सीमा खुली, तराईतली, म्हणजे सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातली, निम्मी सोयरीक बिहारात. तरी बाजी मारली भूताननं. 1974 साली तिथल्या चुखा जलविद्युत प्रकल्पाचा करार झाला, 336 मेगावॅटचा. पैसा भारताचा, 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज. भूतानची गरज भागून उरलेली वीजही भारतच घेणार. पुढे 1020 मेगावॅटचा टाला, 2019 मध्ये 720 मेगावॅटचा मांगदेछू. शिवाय भूतानचं चलन रुपयाशी एकास एक बांधलेलं, त्यामुळे बिलात विनिमय दराची कटकट नाही. माझ्या मते दोस्तीच्या भाषणांपेक्षा ही सोय जास्त कामाला आली.

नेपाळशी जवळीक जास्त, म्हणून रुसवेफुगवेही जास्त. 1954 चा कोसी करार आणि 1959 चा गंडक करार, दोन्ही नद्यांच्या पाण्याचे, आणि दोन्हींत भारतानं नेपाळला गंडवलं ही भावना तिथे अजून जिवंत आहे. महाकाली नदीचा करार 1996 चा, पण त्यातलं पंचेश्वर धरण अजून कागदावरच.

मग नेपाळचं गाडं रुळावर आलं कधी? – एक वाचक, पुणे

तार आली तेव्हा. नेपाळातलं ढल्केबर ते बिहारातलं मुझफ्फरपूर ही वीजवाहिनी 2016 साली सुरू झाली. त्याआधी काठमांडूत हिवाळ्यात दिवसाचे बारा-बारा तास आणि त्याहूनही जास्त भारनियमन असे. नोव्हेंबर 2021 मध्ये नेपाळनं भारताच्या वीजबाजारात विक्री सुरू केली, तीही जेमतेम 39 मेगावॅटची. या बाजारात आदल्या दिवशी बोली लावायची असते आणि दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडलेले असतात. तिथे भाऊबंदकी चालत नाही, दरच बोलतो. पावसाळ्यात नद्या भरल्या की नेपाळ विकतो, हिवाळ्यात पाणी आटलं की आपल्याकडून घेतो. भूतानचंही तसंच. 15 नोव्हेंबर 2024 ला तर नेपाळची 40 मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात गेली.

ती वीज आमच्या सोलापुरात येते का? – एक वाचक

अमुक युनिट नेपाळचं, असं ओळखता येत नाही. पण सगळं एकाच जाळ्यात आहे. दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं ते 31 डिसेंबर 2013 रोजी, तुमच्याच सोलापूर–रायचूर वाहिनीनं.

यात चीनचा काय संबंध? – एक वाचक, ठाणे

बराच. ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी ठेकेदार, त्याची वीज भारत घेत नाही. 456 मेगावॅटचा अप्पर तामाकोशी नेपाळनं स्वतःच्या पैशानं उभारला, पण बांधकामात चिनी कंपनी होती आणि तेवढ्यावरून घोडं अडलं. सुरक्षेची काळजी मला पटते. पण उभ्या झालेल्या धरणाची वीज ठेकेदार पाहून नाकारण्यात शहाणपण दिसत नाही. आता तिथले विकासक निविदा काढतानाच दिल्लीला काय चालेल याचा अंदाज घेतात.