पर्समध्ये लपवलेली कादंबरी

फोंड्याच्या वाचक भगिनीस,
सप्रेम नमस्कार.

चवथीला घरी आलेल्या पुतणीने मागे ठेवलेली, गुलाबी मुखपृष्ठाची एक इंग्रजी कादंबरी तुम्ही केवळ वेळ जावा म्हणून हातात घेतलीत, पणजीच्या बसमध्ये ती वाचताना तुम्हाला हसू आवरेना, आणि शेजारच्या बाईंनी चौकशी करताच ‘काही नाही, असेच काहीतरी’ म्हणत तुम्ही ती पर्समध्ये टाकलीत. आता वाचक मंडळात आवडत्या पुस्तकावर बोलण्याची पाळी तुमची आहे आणि मनात हेच पुस्तक आहे. उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईने ‘चिक लिट’वर, म्हणजे तरुण स्त्रियांच्या आयुष्यावरच्या हलक्याफुलक्या लोकप्रिय कादंबऱ्यांवर, बोलावे का, आणि ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आधीच खिल्ली उडवली आहे त्यांना काय उत्तर द्यावे, असे तुम्ही विचारता.

जरूर बोलावे, आणि याच पुस्तकावर बोलावे.

तुम्ही बसमध्ये जे केलेत, ते इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनने आपल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत अचूक टिपले आहे. काय वाचतेस असे कोणी विचारताच, नुसती कादंबरी आहे म्हणून पुस्तक खाली ठेवणारी, वरकरणी बेफिकीर आणि मनातून ओशाळलेली तरुणी तिने तिथे उभी केली आणि कादंबरीला हिणवणाऱ्यांचा चांगलाच समाचार घेतला. हे पुस्तक तिच्या निधनानंतर, डिसेंबर १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा असा कमीपणा कादंबरी या प्रकारालाच सोसावा लागत होता. आपल्याकडे तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून वाचकांसमोर आहेत. सोवळ्याओवळ्याचा जाच, नवऱ्याशी झालेली भांडणे, संसारातली ओढाताण हे सगळे त्यांनी हसवत हसवत सांगितले, म्हणून त्यांना कोणी उथळ म्हणत नाही.

तरीही एक सांगते. ‘चिक लिट’ म्हणवणाऱ्या सगळ्याच पुस्तकांची वकिली करू नका. त्यातली बरीचशी एकाच साच्यातली असतात, आणि तसे कोणी म्हटले तर ते मोकळेपणाने मान्य करा. तुम्हाला बोलायचे आहे ते फक्त या एका पुस्तकाबद्दल, आणि त्यासाठी लागणारे सगळे तुमच्या पत्रातच आहे. सांगून आलेल्या स्थळाला नकार कसा द्यावा याची तालीम नायिका रोज लिफ्टमध्ये करते, लिफ्टमन गंभीरपणे तिची वाक्ये दुरुस्त करतो, ‘सॉरी फार वेळा येते, मॅडम’ असे बजावतो. आणि पुढे वडिलांसमोर नोकरी सोडायला नकार देण्याची वेळ येते, तेव्हा तिच्या तोंडून लिफ्टमनचेच वाक्य बाहेर पडते. हा प्रसंग तुम्ही इतका रंगून लिहिला आहे की मी एकटीच मोठ्याने हसले आणि शेवटच्या ओळीशी थबकले. जिचे कोणी नीट ऐकून घेत नाही अशा मुलीला बोलायचे धडे एका अनोळखी माणसाकडून मिळतात, ही गोष्ट लेखिकेने भाषण न ठोकता सांगितली आहे. असे विनोदी लिहिणे अवघड असते.

म्हणून सुरुवातीला ‘तसे हलकेफुलकेच आहे’ अशी माफी मागू नका. ती दोन पाने स्वतः मराठीत करा आणि वाचून दाखवा. मराठी शिकवणाऱ्या बाईंना ते सहज जमेल. मग उत्तरार्धातले योगायोग तुम्हाला का खटकले तेही सांगा, कारण दोष दाखवणाऱ्या वाचकाच्या कौतुकावर ऐकणाऱ्यांचा अधिक विश्वास बसतो. तुमच्या सहकाऱ्यांनी पुस्तक वाचलेले नाही, त्यांनी फक्त मुखपृष्ठ पाहिले आहे, आणि मुखपृष्ठाचा रंग बहुधा प्रकाशक ठरवतो. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी कार्यक्रमाच्या आधी लिफ्टचे प्रकरण त्यांना वाचायला द्या आणि मत विचारा. नाही आवडले, तर ते मतही मंडळात मांडू द्या.

पुतणीलाही आजच फोन करा. काकीला आपले पुस्तक आवडले, हे तिला अजून ठाऊक नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. तिला त्यातले काय भावले ते विचारून घ्या, आणि प्रत मंडळात फिरवायची असेल तर तिची परवानगीही घ्या.