साउर क्रीमला मराठीत काय म्हणायचं?

इथल्या इंदूरच्याच एका ताईंनी विचारलंय की नाचोजबरोबर ते जे पांढरं साउर क्रीम येतं त्याला मराठीत "आंबलेली मलाई" म्हटलं तर चालेल का, आणि ते आंबट होतं कशानं, लिंबू पिळतात का त्यात?

मला विचाराल तर "आंबलेली" नको. इडलीचं पीठ आंबलं की आपण खूश, पण मे महिन्यात ओट्यावर राहिलेलं वरण आंबलं की ते मोरीत जातं, आणि मलाईला हा शब्द लावला की ऐकणाऱ्याला ते वरणच आठवणार. "नासलेली" तर नाहीच, आणि आपण इंदूरवाले हिंदीच्या संगतीनं "दूध फाटलं" म्हणतो ते पण नाही, कारण नासणं-फाटणं आपल्याला नको असताना होतं. इथे तर कोणीतरी मुद्दाम घडवून आणलंय, आणि त्याला आपल्याकडे सरळ क्रियापद आहे, विरजणं. म्हणून माझं मत "विरजलेली साय". काही जण "सायीचं दही" सुचवतील, ऐकायला गोड आहे पण त्याचा अर्थ वर जाड साय आलेलं दही असाही होतो, मग घोळ.

आता आंबटपणाचं. पाश्चराइज केलेल्या क्रीममध्ये विरजण टाकतात, त्यात लॅक्टोकोकस आणि ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू असतात, आणि ते साधारण 22 अंशांवर काही तास ठेवून देतात, म्हणजे आपल्या दह्यापेक्षा थंडच. जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात, तेच जिभेला लागतं. पीएच (आम्लता मोजायचं माप, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) 4.6 च्या आसपास उतरला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटतं म्हणून ते घट्टही होतं, तर आंबटपणा आणि घट्टपणा दोन्ही एकाच आम्लाची करणी. शिवाय यातलेच काही जिवाणू डायअॅसिटिल नावाचा पदार्थ बनवतात, लोण्यासारखा वास येतो ना, तो त्याचा.

लिंबाचं आम्ल वेगळं, सायट्रिक, आणि चिंचेतलं टार्टरिक, ती दोन्ही झणकन लागतात. इथे स्निग्धांश भरपूर (अमेरिकेतल्या नियमानं साध्या साउर क्रीममध्ये किमान 18 टक्के, आणि आम्ल किमान अर्धा टक्का) त्यामुळे आंबटपणा जिभेवर जरा उशिरा आणि मऊ येतो. म्हणून चवीला "आंबटसर" म्हणा, "आंबूस" म्हणू नका, आंबूस म्हटलं की वासाची तक्रार केल्यासारखं वाटतं. बाकी ताईंचा प्रश्न अगदीच भलता नाही हं, जिवाणू न वापरता थेट आम्ल घालून केलेलं पण मिळतं, पण त्याला विरजलेलं म्हणता येणार नाही, मग "आंबट क्रीम" म्हणा हवं तर.

आणि तुपासाठी आपण फ्रीजमध्ये साय साठवतो, विरजण लावतो आणि मग घुसळतो, तर घुसळायच्या आधीचा जो टप्पा आहे तो याचाच नात्यातला, फक्त आपली साय उकळलेल्या दुधाची म्हणून गुठळ्यांची, त्यांचं क्रीम गुळगुळीत. कोणाला घरी करायचं असेल तर चक्क्यात थोडं ताजं क्रीम फेटा, नाचोजला पुरतं, फक्त उकळत्या रश्श्यात सोडू नका, फुटतं.