'जागा नाही' हे कागदावर घ्या

गेल्या महिन्यात आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गोंधळ आहे: ऑटिझमची थेरपी सरकारकडून मिळते का, आणि मिळत असेल तर मागायची कुणाकडे? म्हणून एकत्रच उत्तरं देते. मी स्पेशल एज्युकेटर आहे; डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. तेव्हा जिथे 'डॉक्टरांना दाखवा' असं लिहिलंय, तिथे दाखवाच.

मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. हाक मारली तरी वळून बघत नाही, शब्द पाच-सहाच. सासरे म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला. पाच वर्षांपर्यंत वाट बघू का? (घोडबंदर रोड)

नको. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची आणि विकासाची तपासणी करून घ्या. आणि बाप लहानपणी हाकेला वळून बघायचा का, ते सासऱ्यांना जरा आठवायला सांगा.

आम्ही खारघरला राहतो. मुलीच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ठाणे जिल्हा की रायगड?

रायगड. सिडकोने नवी मुंबई हे शहर एकच वसवलं, पण ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि तुम्ही पनवेल महापालिकेत. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे ऑनलाइन होतो. मात्र रुग्णालयात जाण्याआधी फोन करा आणि ऑटिझमची तपासणी करणारे तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते विचारा. मूल घेऊन रांगेत तीन तास उभं राहायचं आणि 'आज ते येत नाहीत' ऐकून परतायचं, हे नको. शिवाय तुमच्या खारघरमध्येच एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथे जिल्ह्याची हद्द आडवी येत नाही. मार्गदर्शनासाठी आधी तिथे जा.

प्रमाणपत्र काढलं की मुलावर कायमचा शिक्का बसतो, असं नातेवाईक सांगतात. (कळवा)

नातेवाइकांना सांगू द्या. प्रमाणपत्र तुमच्या कपाटात राहतं आणि गरज पडेल तिथेच बाहेर निघतं. ते नसेल तर मात्र बरंच काही हातचं जातं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण मिळतं आणि सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणाचा हक्क लागू होतो. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत पालकाला 75,000 रुपयांची वजावट आहे, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात, पुढे फेरतपासणी असते. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं. त्याआधी मुलाच्या डॉक्टरांशी बोला.

एका सरकारी केंद्रात थेरपीसाठी गेलो. 'सध्या जागा नाही, सहा महिन्यांनी या' म्हणाले. खासगीत एका सेशनचे आठशे रुपये जातात. सरकारी थेरपी हा हक्क आहे की मेहेरबानी? (ऐरोली)

हक्क आहे, पण त्याला शेपूट आहे. त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 27 प्रमाणे पुनर्वसनाच्या सेवा देणं हे सरकारचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं काम. मात्र त्यात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द आहेत, आणि अडलं की कार्यालयं त्याच शब्दांच्या आड जाऊन उभी राहतात. आता मला सांगा, 'जागा नाही' हे तुम्हाला कशावर लिहून दिलं?

दिलं नसणारच. मागच्या पावसाळ्यात एक आई माझ्याकडे आली. निळी प्लास्टिकची फाइल, आत मुलाचे सगळे रिपोर्ट तारखेवार लावलेले. वर्षभरात सहा फेऱ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, पोच दाखवा. फाइलभर शोधलं, आवक क्रमांकाचा एक शिक्का सापडला नाही. पाठच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'मॅडम रजेवर, गुरुवारी या'. सहा फेऱ्यांची नोंद तेवढीच. त्या कार्यालयाच्या लेखी ती बाई कधी आलीच नव्हती.

माझा राग आहे तो इथे. आपण तोंडी विचारतो, तोंडी नकार घेतो, बाहेर येऊन चहा पितो आणि खासगी केंद्राचा नंबर फिरवतो. मग अंदाजपत्रकाच्या वेळी स्पीच थेरपिस्टचं आणखी एक पद कुणी आणि कशाच्या आधारावर मागायचं? महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. पण त्या निधीचं नाव निघालं की सगळ्यांना तीनचाकी सायकली आणि वस्तूवाटपच आठवतं. थेरपीची रांग कुणाला दिसत नाही, कारण ती कागदावर नसते.

तेव्हा एका पानाचा अर्ज करा. मुलाचं वय, निदान, डॉक्टरांनी आठवड्याला किती सेशन लिहून दिलीत ते, आणि 'प्रतीक्षायादीतला क्रमांक लेखी कळवावा' ही विनंती. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार: 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. विचारायचं इतकंच की स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची मंजूर पदं किती, भरलेली किती, यादीत मुलं किती. त्यानंतर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार. राज्य आयुक्तांच्या शिफारशीवर काय कारवाई केली, हे संबंधित कार्यालयाला 3 महिन्यांत कळवावं लागतं. तक्रारीचा मसुदा मात्र जाणकाराला दाखवूनच पाठवा. दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

हे चालू असताना मुलाचे सहा महिने वाया घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत असते, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, बांद्र्याला वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. सगळीकडे नाव लिहा, एका दारात बसून राहू नका. आणि परवडेल तेवढी खासगी सेशन चालू ठेवून थेरपिस्टकडून घरी करायचे व्यायाम लिहून घ्या.

शाळा म्हणते, स्वतःच्या खर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलीसोबत बसणारी मदतनीस) आणा, नाहीतर दाखला घेऊन जा. मुलगी दुसरीत आहे. (ठाणे पश्चिम)

दाखला उचलू नका. सरकारमान्य शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि आवश्यक सोयी करायच्या, हे 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 16 सांगतं. आणि आठवीपर्यंत मुलाला काढून टाकायला शिक्षण हक्क कायद्याचीच मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. शाळेला म्हणा, हेच लेटरहेडवर द्या. बहुतेक वेळा तिथेच आवाज खाली येतो. नाही आला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जा. मात्र मुलीला शॅडोची खरोखर गरज आहे का, हे तिच्या थेरपिस्टला विचारा. ते शाळाही ठरवणार नाही आणि मीही नाही.

एका सेमिनारमध्ये स्टेम सेल उपचाराने ऑटिझम बरा होतो असं सांगितलं. हप्त्यांची सोय आहे. दागिने मोडावेत का? (नेरूळ)

नाही, नाही आणि नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर 2022 मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार शिफारसयोग्य नाही आणि त्याची जाहिरात करणं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं म्हटलंय. 'संशोधन आहे' असं सांगून पैसे मागितले तर आणखी सावध व्हा. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. हॉलमधल्या पडद्यावर आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ दाखवतात. मधल्या वर्षभरात त्या मुलाला किती थेरपी मिळाली, ते सांगत नाहीत. '100 सेशन आगाऊ घ्या, 20 मोफत' हाही त्याच जातीचा प्रकार. स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटरचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा राज्य परिषदेचा. क्रमांक विचारल्यावर कुणी चिडलं, तर चप्पल घाला आणि निघा. दागिने मोडायच्या आधी एकदा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना भेटा.

निरामय विमा काढावा का? (कोपरी)

काढा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठीची आरोग्य विमा योजना आहे, संरक्षण 1 लाखापर्यंत, पूर्वतपासणी लागत नाही आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचाही खर्च मिळतो. दरवर्षी नूतनीकरण करा, मूळ पावत्या जपा.

मुलगा मार्चमध्ये 18 वर्षांचा होतोय. बँक पालकत्वाचा कागद मागते. आम्ही आईवडील आहोत, हे पुरेसं नाही का? (वाशी)

नाही. 18 पूर्ण झाले की कायद्याने तो सज्ञान. नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडून चालतं, म्हणजे तुम्हाला ठाण्याला जायचंय. वाढदिवस होईपर्यंत थांबू नका, कागद आत्तापासून जमवा आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा. पूर्ण पालकत्वाची गरज आहे की काही ठरावीक व्यवहारांपुरती मदत पुरेल, हेही त्यांना विचारा. तुमच्या पत्रात मुलाला काय हवंय याची एक ओळ नाही. तो खुणेने, चित्राने, मोबाइलवर टाइप करून, कसाही सांगत असेल, तर अर्ज भरायच्या आधी त्याला विचारा.