दुसरं उत्तर सारखं निघालं, म्हणून काढायचं?

प्रश्न : ताई, एक्सेलच्या अडचणी विचारण्यासाठी आमची एक मराठी ऑनलाइन जागा आहे. तिथली देखरेख मी हौसेने करतो. परवा एकाने विचारलं, "दोन याद्यांतली नावं दिसायला तंतोतंत सारखी, तरी व्हीलुकअप या शोधणाऱ्या सूत्राला सापडत नाहीत." दोघांनी एकच उत्तर दिलं. दुसरं तीन मिनिटांनी आलं, म्हणून मी ते डिलीट केलं. तो सदस्य फार दुखावला. "मला चोर ठरवलंत," म्हणाला. माझं चुकलं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हो, चुकलं. तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही हो. वेबपानावरून चिकटवलेल्या नावामागे कित्येकदा एक रिकामी जागा येते, ती साधी स्पेस नसते. संगणकात साध्या स्पेसचा क्रमांक ३२, हिचा १६०. जादा स्पेस काढणारं ट्रिम हे सूत्र ३२ वाली काढतं, १६० ला हात लावत नाही. आधी सब्स्टिट्यूट हे अदलाबदलीचं सूत्र वापरून ती घालवावी लागते. दहा जाणकार बसवा, बहुतेक सगळे हेच सांगतील. एक जण हे टाइप करत असताना वर दुसऱ्याचं उत्तर येऊन पडलं, यात त्याचा काय दोष?

मीही हे केलंय. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांवर देखरेख करायला लागले तेव्हा एका मुलाचं उत्तर उडवलं. वरच्या उत्तरानंतर फक्त चाळीस सेकंदांनी आलेलं. सात ओळी, स्वतःच्या शब्दांत, उदाहरणही वेगळं. चाळीस सेकंदांत एवढं लिहून होत नाही, हे मला तेव्हा सुचलंच नाही. तो पुन्हा तिथे कधी लिहिता झाला नाही. मला ते अजून लागून राहिलंय.

आणि आधी आलं ते अस्सल, हेही धरून चालू नका. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तर टाकल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लिहिणाऱ्याने केलेली दुरुस्ती बदलांच्या इतिहासात वेगळी दिसत नाही. म्हणजे एक ओळ टाकून जागा अडवायची, मग खालच्याचं वाचून आपलं उत्तर भरायचं, असं करता येतं. वेळ मात्र आधीचीच दिसते! तुमच्याकडे अशी सवलत आहे का, ते तपासा.

नक्कल शोधायची तर मी चुका बघते. विचारणाऱ्याचा सेल डी ७, पहिल्या उत्तरात घाईत डी ४७ पडलं, आणि दुसऱ्यातही डी ४७ आलं, तर उचललंय हे उघड आहे. बरोबर गोष्टी दोघांना सुचतात. तीच टायपिंगची चूक दोघांच्या हातून सहसा होत नाही. अशा वेळीही आधी त्या माणसाला खासगीत विचारा, मग काढा, आणि का काढलं ते लिहा.

तीन वर्षांनी येऊन कुणी तेच सूत्र, नवीन काही न सांगता, पुन्हा टाकलं तर ते काढायला माझी हरकत नाही. पण एकाच वेळी आलेली दोन्ही उत्तरं राहू द्या. कुठलं समजायला सोपं, ते विचारणारा ठरवेल. कधी कधी उशिरा आलेलंच जास्त उलगडून सांगतं.

त्याचं उत्तर आजच परत लावा. माफी खासगीत नको, त्या उत्तराखालीच मागा. काढलं होतं तेही सगळ्यांसमोरच.