डीपफेक दुसऱ्याने बनवला असताना सोशल मीडिया कंपनी जबाबदार कशी?

डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला खोटा व्हिडिओ किंवा चित्र, तयार करणारा तिसराच कोणी असताना कंपनीला जबाबदार धरणे न्याय्य आहे का आणि असा व्हिडिओ दिसल्यास तक्रार कशी करावी, असे आपण विचारले आहे. न्याय्य आहे, आणि ज्या व्हिडिओच्या प्रसारासाठी कंपनीने पैसे घेतले त्याबाबत तर मला तिळमात्र शंका नाही.

माझे वडील निवृत्त डॉक्टर आहेत. मधुमेहावरील त्यांच्या जुन्या व्याख्यानातला चेहरा आणि आवाज उचलून कोणीतरी ‘इन्सुलिन बंद करा, हे चूर्ण घ्या’ अशी जाहिरात बनवली. पहिल्यांदा पाहताना मीही फसले. पुन्हा पाहिली तेव्हा दिसले की मान वळताच चष्म्याची काडी कानात विरघळते, आणि सबंध दोन मिनिटे ते श्वासच घेत नाहीत. दम्यामुळे वडिलांना एरवी चार शब्दांनंतर थांबावे लागते. खाली ‘प्रायोजित’ असे स्पष्ट लिहिलेले होते.

तक्रारीच्या पर्यायांतून मी ‘तोतयेगिरी’ निवडली. चार दिवसांनी उत्तर आले की या जाहिरातीमुळे नियमांचा भंग होत नाही. फेरविचाराच्या विनंतीला तर उत्तरच आले नाही. त्याच आठवड्यात एका जुन्या रुग्णाने चूर्ण जेवणाआधी घ्यायचे की नंतर, हे विचारायला वडिलांना फोन केला. त्यांचे इन्सुलिन पुन्हा सुरू करायला लावून वडिलांनी कपाटातली जुनी वही काढली आणि नावे वाचत एकेका रुग्णाला फोन करायला घेतले. अकराव्या दिवशी जाहिरात दिसेनाशी झाली. ती कोणी हटवली, हे आम्हाला कळवले गेले नाही.

माझा धाकटा भाऊ डिजिटल जाहिरातींच्या क्षेत्रात काम करतो. तो तेव्हाही म्हणाला आणि आजही म्हणतो, “ताई, पत्रातल्या मजकुरासाठी पोस्टमनला कसे पकडणार?” परंतु पोस्टमन पत्र कोणाला द्यायचे हे स्वतः ठरवत नाही. ही जाहिरात वयस्कर, मधुमेहाची माहिती शोधणाऱ्या माणसांपुढेच येत होती, आणि ती निवड यंत्रणेने केली होती. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 79 मध्यस्थांना, म्हणजे इतरांचा मजकूर पोहोचवणाऱ्या कंपन्यांना, त्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षण देते, पण प्रसारणाचा प्राप्तकर्ता मध्यस्थाने निवडलेला नसावा, असेही त्याच्या अटींत म्हटले आहे. प्रचंड संख्येमुळे तपासणी अशक्य असते, हा भावाचा दुसरा मुद्दा. मात्र जाहिरातदाराचे कार्ड नाकारले गेले की जाहिरात लगेच थांबते, हे त्यानेच मला सांगितले होते.

हा केवळ आमचा अनुभव नाही. एका भारतीय महिलेच्या एआय-निर्मित अश्लील प्रतिमेविरुद्धची तक्रार 48 तासांत कोणी तपासली नाही म्हणून आपोआप बंद झाली होती, हे फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या निर्णयांचा फेरविचार करणाऱ्या ओव्हरसाइट बोर्डाच्या 2024 मधील निर्णयात नोंदलेले आहे. कायद्याने बांधल्याशिवाय हे बदलणार नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात जागतिक उलाढालीच्या 6 टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अमेरिकेच्या 2025 च्या ‘टेक इट डाउन’ कायद्याने संमतीविना टाकलेली अंतरंग चित्रे, डीपफेकसह, वैध विनंतीनंतर 48 तासांत काढणे बंधनकारक केले. फसव्या जाहिराती मात्र त्या अमेरिकी कायद्यात येत नाहीत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगते. तक्रार करण्यापूर्वी दुवा, जाहिरातदाराचे नाव आणि स्क्रीन रेकॉर्डिंग जपून ठेवा, कारण मजकूर हटला की पुरावाही हातून जातो. भारतात असाल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही नोंदवा. अंतरंग चित्रांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा आहे. तेथे चित्र स्वतःच्या उपकरणावरच राहते आणि त्याचा अंकीय ठसा, म्हणजे ते चित्र ओळखण्यापुरता संकेतांक, तेवढा सहभागी कंपन्यांकडे जातो.

एक गोष्ट मान्य करायला हवी. मुदत फार कमी ठेवली तर कंपन्या दंडाच्या भीतीने उपहासात्मक किंवा खरे व्हिडिओही काढून टाकतील, आणि सामान्य वापरकर्त्याच्या पोस्टबाबत भावाची ही भीती मला रास्त वाटते. पैसे घेऊन दाखवलेल्या जाहिरातीबाबत मात्र मी ती मानत नाही. ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच जाहिरातदाराची ओळख तपासली जावी आणि फसगत झाल्यास मिळालेली रक्कम कंपनीने पीडितांना द्यावी, एवढे मी त्याच्याकडे मागते. त्यावर त्याने अद्याप काही उत्तर दिलेले नाही.