जीएसटी नंबर नाही, मग ऑनलाइन विकायचंच नाही का?

प्रश्न: आम्ही दोघं घरीच वह्या-डायऱ्या बनवतो, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या खूपच खाली आहे. एका ऑनलाइन पोर्टलवर टाकायला गेलो तर सगळे म्हणतात आधी जीएसटी काढा. खरंच कंपल्सरी आहे का?

उत्तर: आधी होतं, म्हणून लोक अजून तेच सांगतात. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून तुमच्यासारख्या छोट्या विक्रेत्यांना सूट मिळालीये, म्हणजे उलाढाल मर्यादेत असेल आणि माल फक्त आपल्याच राज्यात विकणार असाल तर रजिस्ट्रेशन न घेता पोर्टलवर विकता येतं. जीएसटीच्या साइटवर पॅन आणि धंद्याचा पत्ता टाकून एनरोलमेंट नंबर तेवढा घ्यायचा, तो हातात येईपर्यंत एकही ऑर्डर पाठवू नका.

आता खरी अडचण ऐका. राज्याबाहेर एक डायरी जरी गेली तरी सूट संपली, मग ती ऑर्डर पोर्टलवरून येवो नाहीतर व्हॉट्सअॅपवरून. त्यामुळे डिलिव्हरीच्या सेटिंगमध्ये बाकी राज्यं बंद केलीत का ते स्वतः बघा, कुणावर सोडू नका. सीमेजवळच्या गावातल्या विक्रेत्याचं गिऱ्हाईक पलीकडेच असतं आणि त्यालाच हा नियम आडवा येतो, हे मला अजिबात पटत नाही, ऑनलाइन धंद्याला राज्याची वेस कशाला हवी?

आणि हो, दुकानदारांना होलसेलमध्ये देणार असाल तर ते टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे जीएसटी लावलेलं बिल, मागतील, तेव्हा मात्र रजिस्ट्रेशन घेतलेलंच बरं.