दोन वर्षं बंद असलेली १९९९ ची जिप्सी घरीच दुरुस्त करून लिफ्ट आणि मोठे टायर टाकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९९ सालची मारुती जिप्सी किंग चिपळूणजवळ गावच्या घरी दोन पावसाळे उघड्यावर उभी आहे. हाताशी पन्नास हजार आहेत. जमेल तेवढं काम घरी करायचंय, आणि डोक्यात लिफ्ट किट (गाडी उंच करायचे पार्ट), २३५ मिलिमीटर रुंदीचे टायर, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), एलईडी बार असं सगळं आहे.

कागदांचं शेवटी सांगतो; गाडीच्या कामाची सुरुवात हातोडीपासून करा. छोटी हातोडी, जाड पेचकस आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा आणि चेसिस ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं, आतून खाल्लेलं भद्द वाजतं. भद्द वाजलं तिथे पेचकस दाबून बघा. जिप्सीची चेसिस पोकळ आहे, चिखलपाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरच्या रंगावर जाऊ नका. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलचे हँगर, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जिथे टांगलेलं असतं ती जागा, मागच्या चाकांवर चेसिस वळते तो भाग, बॉडी जिथे टेकते ते माउंट आणि मागचा आडवा मेंबर, या जागा आधी बघा. रबरी मॅट काढून आतली फरशीही बघा. हँगरच्या मुळाशी सडलं असेल तर तुमच्या पन्नास हजारांतला मोठा वाटा तिथेच जाणार. जाऊ द्या. त्या हँगरवर अख्खी गाडी लटकलेली असते.

वेल्डिंग चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. आधी बॅटरी काढा, अल्टरनेटरचं कनेक्शन सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. गंजावरच डांबरी अंडरकोट मारून "झालं बघा काम" म्हणणारे बरेच भेटतील. तो थर पाणी आत कोंडून ठेवतो. सडलेलं कापायचं, नवीन जाड पत्रा लावायचा, वर एपॉक्सी प्रायमर आणि पोकळीत मेणाचा फवारा. चेसिस नंबर कोरलाय तिथे मात्र ग्राइंडर फिरवू देऊ नका. आरटीओत त्याचाच पेन्सिलने ठसा घेतात.

आणि हो, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. कोकणातल्या अंगणात जॅक मातीत रुततो, म्हणून खाली जाड फळी, चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) आणि टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड.

इंजिनाची मला फार काळजी वाटत नाही. १२९८ सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन आहे, चिवट आहे. पण लगेच चावी फिरवू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर जुनं ऑइल काढून नवं ऑइल आणि फिल्टर, टाकीतलं शिळं पेट्रोल बाहेर, कार्ब्युरेटर उघडून साफ. पेट्रोलचे रबरी पाइप सगळेच बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि १९९९ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. दुकानात इथेनॉलला चालणारे पाइप मागून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे वडिलांना आठवत नसेल तर तो टेन्शनरसकट नवा टाका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, तेही पूर्ण काढून नवं भरा. मागच्या ड्रममधले सिलिंडर दोन वर्षांत बहुतेक चिकटले असतील.

आता खरं काम, पुढचा अॅक्सल. "जिप्सी आहे, ती भटकणारच", "साठच्या पुढे स्टीअरिंग थरथरतंच", असं लोक बिनधास्त सांगतात. यातलं बरंचसं निव्वळ झिजेचं असतं. पुढचं एक चाक उचला, टायरला वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिची, बेअरिंग गेलेली आहेत. ही तपासणी फुकट आहे आणि थरथरीचं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

किंगपिनसाठी नकल, म्हणजे चाक धरून वळवणारा टोकाचा भाग, उघडावा लागतो. कॅलिपर काढला की तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेने पाट्याला बांधा. किंगपिन वरचा कुठला, खालचा कुठला, खुणा करून वेगळे ठेवा, आणि त्यांच्याखालचे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) ज्याचे त्यालाच. नकलच्या आत काय निघतं ते नीट बघा. जाड काळं ग्रीस असेल तर उत्तम. पातळ, गिअर ऑइलचा वास येणारा रबडा निघाला तर आतला अॅक्सल सील गेलाय आणि डिफरन्शियलचं ऑइल इकडे येऊन ग्रीस धुऊन काढतंय. मग तो सीलही बदला, नाहीतर नवं ग्रीस थोड्याच दिवसांत पातळ होईल. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ दिसलं तर कधीतरी त्यात पाणी शिरलंय. बाहेरच्या बाजूचे फेल्ट आणि रबरी सील घेताना पूर्ण सेटच घ्या, सुटे घेऊन पुन्हा खोलायची वेळ येते.

जोडताना बेअरिंग किती आवळली हे अंदाजावर सोडू नका. टाय रॉडचा जॉइंट बसतो त्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून नकल ओढायचा आणि किती ओढीला तो हलू लागतो ते बघायचं. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला आहे. सैल वाटला तर शिम कमी, जड वाटला तर जास्त. बेअरिंगचे कप ठोकून बसवताना हात बसलेला नसेल तर पहिली बाजू मिस्त्रीसमोर करा, दुसरी स्वतः. मी माझ्या जिप्सीचं हे काम घरामागच्या शेडमध्ये करतो. लेथ आणि वेल्डिंग सोडलं तर बाहेर जावं लागत नाही.

पाटे उतरवा, सुटे करा, तारेच्या ब्रशने घासून मधे ग्रॅफाइट ग्रीस लावा. एकमेकांना गंजून चिकटलेले पाटे वाकतच नाहीत, म्हणून गाडी बैलगाडीसारखी आदळते आणि माणूस महाग शॉकअॅब्सॉर्बर शोधत फिरतो. शॅकलचे बुश नवे, यू बोल्टही नवेच. शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यावर. हवेत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं.

जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा, रबरी माउंटवर लटकलेला असतो आणि मधे छोटा प्रॉपेलर शाफ्ट असतो. म्हणजे शाफ्ट तीन आणि युजे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे) सहा. क्लच सोडताना खालून "टक" येत असेल तर आधी हे माउंट आणि क्रॉस हलवून बघा, गिअरबॉक्स उघडायची घाई नको. पार्टसाठी पुण्यात नाना पेठ आहे, पण सील आणि बेअरिंगला जुना माल घेऊ नका.

एवढं झाल्यावर गाडी रस्त्यावर काढा, कुंभार्ली घाट चढून-उतरून या, आणि मग अपग्रेडचं ठरवा.

माझं मत विचाराल तर लिफ्ट नकोच. जिप्सीचं बळ तिच्या हलकेपणात आहे. हजार किलोच्या आसपास वजन, छोटा व्हीलबेस आणि लो गिअर. चिखलात मोठ्या डिझेल गाड्या रुतून बसतात तिथून ही वरच्यावर निघून जाते. तिच्यावर लोखंड चढवत गेलात की नेमकं तेच घालवता. लिफ्टने प्रॉपेलर शाफ्टचे कोन वाढतात, क्रॉस लवकर जातात, ब्रेकचे पाइप ताणले जातात, स्टीअरिंगची भूमिती बिघडते. मग ते सुधारायला आणखी पार्ट.

टायरचं गणित करून बघा. मूळ २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिलिमीटर, २३५/७५ चा ७३३. म्हणजे जवळपास दहा टक्के मोठा. स्पीडोमीटरवर ६० दिसेल तेव्हा तुम्ही ६६ ने जात असाल, आणि प्रत्येक गिअर तेवढाच जड होईल. ६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागेल. पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे गाडी वळवून लावताना दंड भरून येतील ते वेगळं. मोठाच टायर हवा असेल तर २१५/७५ आर १५ पर्यंत थांबा. फरक पाच टक्क्यांच्या आसपास राहतो आणि हा बोलेरोचा साइज असल्याने कुठेही मिळतो. पण फिटनेसला मूळ साइज बघतात, म्हणून जुना सेट विकू नका.

विंचऐवजी पुढे-मागे चेसिसला बोल्टने घट्ट बसवलेले हुक आणि एक चांगला दोर, बस. बंपरला दोर बांधून गाडी ओढायची नाही, बंपर हातात येतो.

एलईडी बारचे पैसे हेडलाइटच्या रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) खर्च करा. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून आणि म्हाताऱ्या वायरमधून जातो. इंजिन चालू ठेवून, दिवा लावून बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. दीड-दोन व्होल्टचा फरक असेल तर बल्ब बिचारा काय करणार? बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर, दोन रिले आणि स्वच्छ अर्थिंग दिलंत की तोच ६०/५५ वॉटचा बल्ब वेगळाच दिसतो. १०० वॉटचे बल्ब घालून होल्डर वितळवू नका.

कागदांचं हातोडीच्याही आधी बघा, कारण आरसीची मुदत संपलेली असू शकते. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या कारची ही फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे. त्यात पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी नंबर प्लेट धरा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. बुलबारवर तर २०१७ पासून बंदी आहे. उंच केलेली जिप्सी तपासणीला नेऊन परत यावं लागलं तर सगळं पुन्हा खाली उतरवायचं.

आधी शॅकल हँगरजवळच्या चेसिसचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, चिखल धुऊन काढलेले. ते बघून वेल्डिंग किती लागेल ते सांगतो, तोपर्यंत कुठलाही पार्ट मागवू नका.